मुद्दाम वाकडे टाकलेले रूळ

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्या माणसाची निम्मी हयात रूळ सरळ टाकण्यात जाते. पातळीनळी, दोरी, लोखंडी पट्टी, हाताला लागेल ते घेऊन तो एकाच गोष्टीच्या मागे असतो: रूळ एका पातळीत हवेत, सांध्यावर खटका नको, वळण एकसारखं हवं. मी मागच्या अंगणात पहिल्या महायुद्धातली खंदक रेल्वे करायला घेतली आणि हा सगळा अभ्यास उलटा फिरवावा लागला. रूळ चिखलात खचलेले, घाईघाईत टाकलेले दिसायला हवेत, आणि त्यांच्यावरून गाडी मात्र न पडता जायला हवी. गबाळेपणाने वाकडा पडलेला रूळ गाडी पाडतो. मला हवा होता हिशेबाने वाकडा केलेला रूळ.

आधी मूळ गाड्यांबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचा खटाटोप कळेल.

१९१४ साली ब्रिटिश लष्कराची भिस्त मोटार लॉऱ्यांवर होती. मोठ्या गेजची रेल्वे माल आणून टाकेल, तिथून पुढे लॉऱ्या, आणि शेवटच्या टप्प्याला घोडे नि खेचरं. १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत हा बेत फसला. रस्त्यांचा लगदा झाला आणि ते रस्ते दुरुस्त करायची खडी वाहण्यातच लॉऱ्या अडकून पडायला लागल्या. तेव्हा रेल्वे कंपनीत मुरलेल्या सर एरिक गेडिस यांच्याकडे फ्रान्समधल्या लष्करी वाहतुकीची सूत्रं दिली गेली आणि ६० सेंमी गेजच्या हलक्या रेल्वेचं जाळं विणायला सुरुवात झाली. फ्रेंच या बाबतीत कितीतरी पुढे होते. त्यांच्या तोफखान्यातले अधिकारी प्रॉस्पेर पेशो यांनी आखलेली पद्धत सैन्याने १८८८ मध्येच स्वीकारली होती. जर्मनही तयारीनिशी उतरले होते. त्यांची आठ चाकांची ब्रिगेडलोक इंजिनं पुढे अडीच हजारांच्या घरात गेली.

ब्रिटिशांचा रूळ यार्डाला २० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १० किलो. आज आपल्याकडे मेन लाइनला मीटरला ६० किलोचा रूळ असतो. स्लीपर दाबून काढलेल्या पोलादी पत्र्याचे. रूळ आणि स्लीपर आधीच जोडलेली पाच मीटर लांबीची चौकट माणसांनी उचलून आणायची, पुढे ठेवायची, बोल्ट आवळायचे आणि पुढची आणायला वळायचं. खाली मिळाली तर विटांची रोडी, नाहीतर नुसती माती. तोफगोळा पडून खड्डा झाला की मोडकी चौकट बाजूला फेकून नवी टाकायची.

माझे बाबा मध्य रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे पर्मनंट वे इन्स्पेक्टर होते. रूळमार्गाची तपासणी करण्यात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. ट्रॉलीवर बसून पुणे विभाग त्यांनी कितीदा पालथा घातला ते त्यांनाच ठाऊक. फोनवर मी त्यांना हे वर्णन ऐकवलं तेव्हा पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. मग म्हणाले, "अरे, याला रूळमार्ग म्हणत नाहीत. ही नुसती भंगाराची मांडामांड झाली." पण दुसऱ्याच दिवशी त्यांचा स्वतःहून फोन: "त्या चौकटीच्या सांध्याखाली स्लीपर होता का रे? सांधा अधांतरी सोडला असेल तर तिथेच खचणार." तेव्हापासून हा प्रकल्प दोघांचा झाला, एक खडकीत आणि एक इथे.

इथे म्हणजे इंग्लंडात, बेडफर्डजवळ. हा विषय सुचण्यात या गावाचा मोठा हात आहे. आघाडीच्या जवळ जी पेट्रोलवर चालणारी छोटी सिम्प्लेक्स इंजिनं धावली ती बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीची. इथून जवळच लेटन बझर्ड आहे. तिथली वाळू वाहून नेणारी दोन फुटी रेल्वे १९१९ मध्ये सुरू झाली, तीही बरीचशी युद्धातल्या उरलेल्या सामानावर. आता ती हौशी माणसं चालवतात. तिथे ७७८ क्रमांकाचं बॉल्डविन इंजिन पाहिलं आणि मी अडकलो. १९१७ मध्ये अमेरिकेत बांधलेलं, युद्धासाठी फ्रान्सला गेलेलं, नंतर विकलं जाऊन उत्तर प्रदेशातल्या साखर कारखान्यात ऊस ओढत राहिलेलं, आणि म्हातारपणी इंग्लंडला आणून दुरुस्त केलेलं. अशी ४९५ इंजिनं त्या कंपनीने ब्रिटिशांना दिली. उंच बॉयलर आणि खाली अरुंद गेज, त्यामुळे वरचा भार जास्त. खराब रुळावर ती कलंडायची म्हणून बदनाम होती. समोर उभं राहून पाहिलं की ते पटतं.

दोन फुटी गेज म्हटलं की मला आधी माथेरान आठवतं. १९०७ च्या त्या गाडीची जर्मन बनावटीची इंजिनं वळणावर आपले आस थोडे सरकवायची. क्लीन-लिंडनर नावाची ती युक्ती ब्रिगेडलोकमध्येही आहे. नेरळच्या घाटातली आणि जर्मन खंदकामागची इंजिनं एकाच युक्तीने वळत होती, हे कळल्यावर ती संध्याकाळभर मी घरात ज्याला-त्याला सांगत होतो. कोणाला विशेष काही वाटलं नाही.

तर प्रमाण. बागेतल्या गाड्यांमध्ये एक पंथ आहे तो एका फुटाला १६ मिमी धरतो, म्हणजे १:१९. त्या मापात दोन फुटी गेज बरोबर ३२ मिमी येतं, आणि ३२ मिमीचे तयार रूळ मिळतात. अडचण अशी की बाजारातला तो तयार रूळ ५ मिमी उंच असतो. १९ ने गुणा, साडेनऊ सेंमी होतात. खरा २० पौंडी रूळ अडीच इंचांच्या आसपास, म्हणजे मॉडेलमध्ये ३.३ मिमी. तयार रूळ वापरला की खंदक रेल्वे एकदम भारदस्त दिसते, आणि भारदस्तपणा हाच तिच्यात नव्हता. म्हणून मागच्या भागात, जिथे गवत वाढलंय आणि कोणी वाकून बघत नाही, तिथे तयार रूळ टाकला. पुढचा दहा-बारा मीटरचा भाग मात्र हाताने करायचं ठरवलं.

इथे एक फायदा होता. माझी इंजिनं बॅटरीवर आणि वाफेवर चालतात. रुळातून वीज जात नाही. म्हणजे दोन रूळ एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडायची गरज नाही आणि स्लीपर खरोखरच धातूचे करता येतात. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून, लाकडी साच्यावर दाबून त्याला उलट्या पन्हळीचा आकार दिला. दोन टोकं खाली मुडपली, कारण खऱ्या स्लीपरचीही तशीच मुडपलेली असतात; ती मातीत रुतून रुळाला आडवं सरकू देत नाहीत. मग साच्यात दोन रूळ ३२ मिमीवर बसवायचे, खाली स्लीपर सरकवायचे, सोल्डर नीट धरावं म्हणून आम्लाचा फ्लक्स लावायचा आणि १०० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने एकेक टेकवत जायचं. कमी वॅटचं आयर्न इथे कुचकामी. रूळ सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि सोल्डरचा नुसता खडा होतो. एक चौकट २६३ मिमीची, कारण पाच मीटर भागिले १९. गॅरेजमध्ये रात्री जेवणं झाल्यावर हे काम चालायचं. फ्लक्सच्या वासामुळे दार उघडं ठेवावं लागे आणि इंग्लंडातल्या फेब्रुवारीत दार उघडं ठेवणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

प्रत्येक सांध्यात अर्धा मिमी फट ठेवली. हिशेब सोपा आहे: माझा रूळ ज्या मिश्रधातूचा आहे त्याचा १० मीटरचा तुकडा ३५ अंशांच्या फरकाला ६ मिमी वाढतो. बाबांनी मात्र "फिशप्लेटला ग्रीस लाव, नाहीतर फट असून नसल्यासारखी" अशी तंबी दिली. फिशप्लेट म्हणजे दोन रूळ सांध्यावर जोडणारी पट्टी. लावलं.

आता मुख्य मुद्दा, वाकडेपणा. मी म्हटलं, रूळ थोडा इकडे थोडा तिकडे वाकवतो, नैसर्गिक दिसेल. बाबा म्हणाले, "कसा वाकवणार ते सांग. खाली-वर चालेल. डावी-उजवी चालेल. पीळ चालणार नाही." त्यांचा शब्द ट्विस्ट. दोन्ही रूळ एकाच जागी सारखेच खचले तर गाडी हेलकावा खाते आणि पुढे जाते. एकच रूळ खचला आणि लगेच पुढे दुसरा खचला, तर वाघिणीची चार टोकं एका प्रतलात राहत नाहीत; एक चाक हवेत राहतं आणि त्याची कड रुळावर चढते. माझ्या चाकांची कड २ मिमी खोल. म्हणजे सगळा खेळ त्या २ मिमीचा.

मग बाबांनी नियम घालून दिला. वाघिणीच्या दोन बोगींमधलं (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, वाघिणीखालचा चाकांचा गाडा) अंतर माझ्या मॉडेलमध्ये १७ सेंमीच्या आसपास. तेवढ्या अंतरात एका रुळाची दुसऱ्या रुळाच्या तुलनेतली पातळी १ मिमीपेक्षा जास्त बदलायची नाही. दोन्ही रूळ मिळून मात्र ४ मिमीपर्यंत खचू देत. ४ मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, पण खऱ्या मापात ते साडेसात सेंमी होतात, आणि जमिनीला डोळा लावून पाहिलं की गाडी चांगली बुडून वर येताना दिसते. सांध्यावर आडवा कोपराही असाच मर्यादेत ठेवला. चौकट किंचित तिरकी बसली आहे एवढं डोळ्याला कळेल इतकाच.

हे साधायचं कसं? रूळ वाकवून नाही. चौकट सरळच करायची आणि खाली पॅकिंग कमी-जास्त करायचं. अर्धा मिमी आणि एक मिमी जाडीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून डब्यात भरून ठेवल्या. स्लीपरखाली कुठे दोन, कुठे एक, कुठे काहीच नाही. मग लहान पातळीनळी आडवी ठेवून क्रॉस लेव्हल, म्हणजे दोन रुळांच्या उंचीतला फरक, बघायची, वहीत लिहायची, पुढे सरकायचं. त्या वहीत प्रत्येक सांध्याचं माप आहे. बाबांना दर रविवारी ते आकडे वाचून दाखवायचे आणि ते "सहावा नि सातवा सांधा परत बघ" असं सांगायचे. सगळ्यात वाकड्या दिसणाऱ्या मार्गाची तपासणी बहुधा सगळ्यात काटेकोर झाली असेल.

खालचा पाया मात्र भक्कम हवा, आणि या गावात तो मिळत नाही. बेडफर्डशायरची जमीन चिकणमातीची. हिच्यावर इथले मोठमोठे वीटकारखाने चालले. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तशी पावसाळा-उन्हाळा ही विभागणी इथे आपल्या सोयीपुरतीच. बेल्जियममधल्या ईप्रच्या भोवतालची जमीनही चिकणमातीचीच आणि १९१७ मध्ये पासेनडेलला याच गुणामुळे माणसं, घोडे, तोफा चिखलात गेल्या. तेव्हा विषयाला साजेशी माती मला फुकट मिळाली होती, फक्त तिने माझे १ मिमीचे हिशेब मोडायचा चंग बांधला होता. हातभर रुंद, गुडघ्याच्या थोडं खाली असा चर खणला, त्यात तुकडखडी ठोकली आणि वर मीटर-मीटरचे काँक्रीटचे सुटे ठोकळे ओतले. अखंड ओतलं असतं तर कुठेतरी तडा जाऊन नको तिथे पीळ पडला असता. सुटे असले की ते आपापले हलतात आणि दर वसंतात फक्त सांध्याजवळचं पॅकिंग बदलायचं. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणावरून डोकावून म्हणाले, खंदक रेल्वेसाठी आधी खंदक खणतोस, पद्धत बरोबर आहे.

रुळांनंतर वाघिणी. ब्रिटिशांची डी वर्गाची, बाजूची फळकुटं खाली पडणारी बोगी वाघीण मला सगळ्यात आवडते. मॉडेलमध्ये ती २८ सेंमीच्या आसपास येते. रुळातला उरलेला पीळ पचवायला तिच्या दोन बोगी वेगवेगळ्या बसवल्या. एक बोगी सगळीकडे डुलते, दुसरी फक्त पुढे-मागे. म्हणजे वरचा सांगाडा तीन बिंदूंवर टेकतो. तीन पायांचं स्टूल कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही, तसं. एवढं केलं आणि तळाला शिशाचा पत्रा चिकटवून वजन वाढवलं, की रिकामी वाघीणसुद्धा पडत नाही.

भार म्हणून तोफगोळे. ६ इंची हॉवित्झरचा गोळा खऱ्या मापात १५२ मिमी व्यासाचा, म्हणजे मॉडेलमध्ये ८ मिमी. लाकडी गोल काठी ८ मिमीची दुकानात तयार मिळते. ड्रिलमध्ये धरून टोक घासायचं, तळाशी तांब्याच्या पट्ट्यासाठी बारीक खाच, मग रंग. खरा गोळा १०० पौंडांचा. माझ्या मुलीने हे ऐकून ४५ किलो म्हणजे किती, असं विचारलं. "तुझ्यापेक्षा जास्त," म्हटलं. त्यावर तिने एक गोळा हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला आणि परत ठेवला.

या गाड्या वर जाताना गोळे, पाणी, काटेरी तार न्यायच्या आणि परत येताना बऱ्याचदा जखमी माणसं घेऊन यायच्या. ते मी केलेलं नाही. परतीच्या वाघिणीत गोळ्यांच्या रिकाम्या पेट्या आणि टरपॉलिन आहे. काही लोक झोपलेल्या माणसांचे पुतळे करतात, चांगलेही करतात. मला ते बागेत चहाचा कप हातात धरून बघवणार नाही. इथे युद्धातल्या मृतांची आठवण म्हणून मिरवतात ती पॉपीची लाल फुलंही लावली नाहीत. येणारा प्रत्येक जण "पॉपी कुठे?" असं विचारतोच. मला १९१७ चा शरद ऋतू दाखवायचा आहे, स्मरणदिनाचं पोस्टकार्ड नाही.

त्यामुळे बागेत बागकामाच्या उलटं काम चालतं. रुळांच्या दोन्ही बाजूंना काही उगवलेलं दिसता कामा नये, आणि उजाड जमीन राखायला हिरवळीपेक्षा जास्त निंदणी लागते. दर शनिवारी खुरपं घेऊन बसतो. शेजारच्यांचे गुलाब डवरलेले आणि आमच्याकडे करपलेल्या फांद्यांचे खुंट. बायको म्हणते, "आई येतील तेव्हा त्यांना काय सांगायचं, की सून बाग करत नाही म्हणून नाही, लेक ती मुद्दाम जाळतो म्हणून असं आहे?" वाटाघाटी होऊन पुढची निम्मी बाग तिच्या ताब्यात गेली. तिथे युद्ध नाही.

चिखल खऱ्या मातीचा केला तर वाळल्यावर त्याला बोटभर भेगा पडतात आणि १:१९ मध्ये त्या दऱ्या दिसतात. म्हणून बाहेरच्या कामाचं सिमेंट, बारीक वाळू आणि तपकिरी-करडा रंग. ते ओलं असताना मोडक्या ब्रशने ठोकायचं, पुतळ्याचा बूट दाबून पावलं उमटवायची, वाघिणीच्या चाकाखालून थोडं वर आलेलं दाखवायचं. गोळ्यांनी पडलेले खड्डे सिमेंटचेच, तळ बंद ठेवलेले. पाऊस आला की भरतात आणि पाणी महिनाभर राहतं. एक रॉबिन पक्षी रोज सकाळी त्यातल्या मोठ्या खड्ड्यात आंघोळ करतो आणि उडताना टेलिफोनचा खांब पाडून जातो.

पुतळ्यांपाशी मी बराच काळ थांबलो. लहानपण खडकीत, बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी दलाच्या शेजारी गेलं. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या न्यव्ह शापेल गावावरच्या हल्ल्यात याच सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर घुसल्या होत्या आणि त्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले. मग माझ्या रेल्वेवर फेटा बांधलेला एखादा सॅपर असावा, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटत होतं. पण तारखा जुळत नाहीत. हिंदी पायदळ १९१५ च्या अखेरीला फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे हललं आणि ब्रिटिशांच्या हलक्या रेल्वेने जोर धरला तो १९१६ च्या अखेरीला. माझ्या सिम्प्लेक्सच्या वर्षी, १९१७ मध्ये, फ्रान्समध्ये हिंदी घोडदळ होतं आणि हिंदी मजूर तुकड्या होत्या: नागा, खासी, लुशाई, संथाळ, ओरांव. मराठे त्या युद्धात मोठ्या संख्येने लढले ते तिकडे, टायग्रिसच्या काठी. कूटच्या वेढ्यात सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियातही हिंदुस्थानातून नेलेले रूळ टाकून अडीच फुटी रेल्वे झाली, पण अडीच फूट म्हणजे १६ मिमी प्रमाणात ४० मिमी गेज. ती वेगळीच रेल्वे करावी लागेल. तेव्हा माझ्या रुळांवर सॅपर नाही. मालाच्या थप्पीपाशी मजूर तुकडीची चार माणसं आहेत, जाड कोट घातलेली, ९ सेंमी उंचीची.

त्यानंतर एका सुट्टीत आम्ही न्यव्ह शापेलचं हिंदी स्मारक पाहिलं. हर्बर्ट बेकर यांनी आखलेलं, १९२७ चं. गोल आवार, मधे उंच स्तंभ, भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं. सॅपर्सची यादी बोटाने वाचत गेलो. येताना सोमच्या काठी फ्रॉयसीची गाडी धरली. ती १९१६ मधली खरीखुरी खंदक रेल्वे. युद्धानंतर साखर कारखान्याने बीट वाहायला वापरली म्हणून टिकली. उघड्या डब्यात बसून मी सांधे ऐकत होतो. आता तिथला मार्ग चांगला ठेवलेला आहे. माझा जास्त वाईट आहे, याचं समाधान वाटलं.

सिम्प्लेक्सबद्दल एवढंच, की ते करायला सगळ्यात सोपं निघालं. मूळ इंजिनच पेटीसारखं: डॉर्मन कंपनीचं पेट्रोल इंजिन, दोन वेगांचा गिअरबॉक्स जो पुढे-मागे सारखाच चालतो, आणि आडवा बसणारा ड्रायव्हर, म्हणजे मान वळवली की दोन्हीकडे दिसतं. ४० अश्वशक्तीची उघडी, अर्धी झाकलेली आणि पूर्ण चिलखती अशा तीन तऱ्हा होत्या. मी उघडी केली. चिलखती दिसते झकास, पण ड्रायव्हर दिसत नाही. बॉनेटखाली बॅटरी, आसाला गिअर असलेली मोटर, खिशात मावणारा रेडिओ कंट्रोल. वेग ताशी ५ किलोमीटरच्या मापाने सेकंदाला ७ सेंमी. दहा मीटर जायला सव्वादोन मिनिटं लागतात. पाहुण्यांची चुळबुळ सुरू होते, पण याहून जोरात पळवली की ते सगळे खाचखळगे, बुडणं, वर येणं दिसतच नाही.

गाडी चालवण्याचा क्रम खऱ्यासारखाच ठेवला आहे. वाफेचं इंजिन फक्त मागच्या भागात. दिवसा धूर आणि रात्री भट्टीचा उजेड शत्रूला दिसायचा, म्हणून आघाडीच्या जवळ वाफेला मज्जाव होता. लॅव्हेंडरच्या झुडपापाशी वाघिणी बदलायच्या आणि पुढे सिम्प्लेक्सने न्यायच्या. त्याही पुढे शेवटच्या दीड-दोन मीटरला इंजिन नाहीच. तिथे ट्रामवे, जिथे माणसं आणि खेचरं वाघिणी ढकलायची-ओढायची. तो भाग मुलीने हाताने ढकलायचा, हे ठरलेलं आहे. ती हळू ढकलते आणि खड्ड्यापाशी थांबून चाक बघते. आजोबांनी व्हिडिओ कॉलवर शिकवलंय.

बॉल्डविन अजून नाही. वाफेचं तसं इंजिन घ्यायचं तर किंमत डोळे पांढरे करणारी आहे, आणि त्या उंच बॉयलरखाली माझे रूळ कितपत टिकतील, याची बाबांना दाट शंका आहे. त्याआधी खेचरं करायची आहेत. तयार मिळतात ते घोडे. त्यांचे पाय आणि मान लष्करी खेचराची नाहीत. तारेचा सांगाडा करून त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, चढवतोय. खेचराचा कान १:१९ मध्ये नेमका किती लांब असावा, यावर सध्या बेडफर्ड आणि खडकी यांच्यात मतभेद आहेत.